श्वासवेगाची पुनरावृत्ती आणि माती-पाण्यातील अपरिचित जिवाणू

जुना श्वास-कास वर्षातून दोन-तीन वेळा बळावणे ही आपल्यापैकी कोणाही वैद्यास नवी गोष्ट नाही. विष्णुपुरी जलाशयाच्या परिसरात ऊस, केळी व हळद यांचे बागायत, तर त्यापलीकडे कापूस, सोयाबीन आणि तुरीचे कोरडवाहू रान. मृगाचा पहिला ओलावा आला की, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी व जिनिंग सुरू झाले की, आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी हळदीची शिजवणी व पॉलिश चालू झाले की आमच्याकडे धापा टाकत येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढते. यातील बहुतेक रुग्ण आठ-दहा दिवसांत सावरतात. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी नाही. जे सावरत नाहीत, ज्यांना प्रत्येक वेळी अधिक तीव्र प्रतिजैविक लागते, ज्यांची 'क्षयाची औषधे' दोन वेळा पूर्ण होऊनही बेडक्यात दोष निघतच राहतो आणि ज्यांचे वजन हळूहळू उतरत जाते, अशा थोड्या रुग्णांविषयी हा लेख आहे. संख्येने हे रुग्ण कमी. पण दवाखान्याच्या पायऱ्या सर्वांत जास्त तेच झिजवतात.

चिरकारी अवरोधक फुप्फुसविकार, ज्यास आपण व्यवहारात सी.ओ.पी.डी. म्हणतो, त्याचे भारतात २०१६ साली सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. हा रोग केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, ही समजूत आता मागे पडली आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील या रोगाची सविस्तर मांडणी केली आणि चुलीचा धूर, शेतातील व कारखान्यातील धूळ, तसेच पूर्वी होऊन गेलेला क्षय यांकडे लक्ष वेधले. मराठवाड्यातील वैद्यास ही तिन्ही कारणे वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. गोवऱ्या, तुराट्या व पळाट्या यांच्या धुरात तीस-चाळीस वर्षे स्वयंपाक केलेली माउली आणि तरुणपणी क्षय होऊन गेलेला शेतकरी, हे आपले नित्याचे रुग्ण.

वेग वाढण्याची नेहमीची कारणे

श्वास वाढणे, बेडका वाढणे आणि बेडक्याचा रंग पूयासारखा होणे, ही तीन लक्षणे घेऊन अँथोनिसेन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये जी कसोटी सांगितली ती आजही उपयोगी पडते. तिन्ही लक्षणे असतील तर जिवाणूजन्य संसर्गाची शक्यता अधिक. अशा वेळी सामान्यतः हिमोफिलस, न्यूमोकोकस व मोराक्सेला हे तीन जिवाणू आढळतात. विषाणूंचा वाटाही मोठा असतो. फुप्फुस अधिक झिजलेले असल्यास स्युडोमोनास येतो. शिवाय हृदयाची दुर्बलता, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी आणि रुग्णाने औषध बंद करणे, या कारणांनीही वेग येतो. ही सर्व कारणे तपासून झाल्यावरच पुढील विचार करावयाचा असतो. प्रत्येक खोकल्यात दुर्मिळ जिवाणू शोधू लागणे हेही योग्य नाही.

मात्र नेहमीची कारणे संपल्यावर जे उरते, त्यात माती, पाणी, कुजलेला पाला आणि धूळ यांत राहणाऱ्या जिवाणूंचा एक मोठा वर्ग आहे. निरोगी माणसाच्या श्वासात ते रोजच जातात व तसेच बाहेर टाकले जातात. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसर कफाला सतत वर ढकलत असतात. ही नित्याची झाडलोट चालू आहे तोवर त्यांना थारा मिळत नाही. जुन्या धुराने हे केसर झडतात, क्षयाच्या व्रणाने श्वासनलिका रुंदावून त्यांत कफाची डबकी साचतात, मधुमेहाने वा स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती मंदावते, आणि वारंवार दिलेल्या प्रतिजैविकांनी नेहमीचे जिवाणू मरून जागा मोकळी होते. पडीक रानात तण माजते त्याप्रमाणे मग हे उपरे जिवाणू तेथे वस्ती करतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. बेडक्यात जिवाणू वाढला म्हणजे तोच रोगाचे कारण, असे नव्हे. तो नुसता वस्तीला असू शकतो, किंवा नमुना घेताना पाण्यातून आलेला असू शकतो. पुन्हा पुन्हा तोच जिवाणू मिळणे, क्ष-किरण चित्रात वा सी.टी.मध्ये बदल दिसणे आणि लक्षणे त्यास अनुरूप असणे, या तिन्हींचा मेळ बसला तरच दोष त्याच्यावर ठेवता येतो.

क्षयासारखा, पण क्षय नव्हे

या वर्गातील सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया, संक्षेपाने एन.टी.एम. क्षयाच्या जिवाणूचे हे भाऊबंद असून त्यांच्या सुमारे दोनशे जाती आतापर्यंत नोंदल्या गेल्या आहेत. एव्हियम समूह, कॅन्ससाय, ॲबसेसस, फॉर्च्युइटम, सिमी ही त्यांतील वैद्यकाच्या दृष्टीने ठळक नावे. माती आणि पाणी हे यांचे घर. नळाच्या पाइपात, टाकीच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर धरतो त्यात ते सुखाने राहतात आणि पिण्याच्या पाण्यातील क्लोरिनच्या नेहमीच्या मात्रेस ते सहसा दाद देत नाहीत. पाणी खळखळून उकळल्यास मात्र मरतात. क्षयाप्रमाणे ते माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाहीत, ही रुग्णाच्या कुटुंबास धीर देण्याजोगी गोष्ट.

भारताच्या संदर्भात या जिवाणूंचे नाव एका वेगळ्याच प्रकरणातून गाजले. तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ पासून बी.सी.जी. लसीची जी मोठी चाचणी झाली तीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण मिळाले नाही. तेथील लोकांचा वातावरणातील मायकोबॅक्टेरियांशी आधीच आलेला संपर्क, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले. महाराष्ट्रात मुंबईच्या पी. डी. हिंदुजा रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या प्रदेशात हे जिवाणू वेगळे ओळखण्याची निकड २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या प्रदेशातच हे जिवाणू अधिक झाकले जातात. कारण सूक्ष्मदर्शकाखाली लाल रंगाची आम्लरोधी काडी दिसली की आपण 'क्षय' म्हणतो आणि पुढे पाहत नाही. सूक्ष्मदर्शकाला मात्र क्षयाची काडी आणि एन.टी.एम.ची काडी यांत भेद करता येत नाही.

भेद करण्याचा सोपा धागा आज तालुका पातळीवर हाताशी आहे. सीबीनॅट वा ट्रूनॅट ही तपासणी केवळ क्षयाच्या जिवाणूचा जनुकीय अंश ओळखते. बेडक्याची काच 'पॉझिटिव्ह' आणि सीबीनॅट 'निगेटिव्ह', असा विसंगत अहवाल आला तर प्रयोगशाळेची चूक म्हणून तो बाजूला सारू नये. एन.टी.एम.ची शंका घेण्याची ती पहिली खूण आहे. अशा रुग्णाचे कल्चर करून जिवाणूची जात ठरवावी लागते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या पुणे व नागपूर येथे संदर्भ प्रयोगशाळा आहेत. जिल्हा क्षयरोग केंद्रामार्फत नमुना पाठविण्याचा मार्ग आपणास मोकळा आहे. रोगनिश्चितीसाठी बेडक्याच्या किमान दोन वेगवेगळ्या नमुन्यांत, अथवा श्वासनलिकेच्या धुवणाच्या एका नमुन्यात, तोच जिवाणू वाढावा लागतो.

आमच्या पाहण्यात आलेला एक रुग्ण या संदर्भात सांगण्यासारखा आहे. कंधारकडील एक पन्नाशीतील शेतकरी. वीस वर्षांपूर्वी क्षय झालेला; डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग आकसलेला. पुढे दोन वेळा निव्वळ काचेच्या अहवालावर क्षयाची औषधे पुन्हा झाली. तिसऱ्यांदा काच पॉझिटिव्ह आल्यावर घरच्यांनी त्यांचे ताट-वाटी वेगळे केले, सुनेने नातवास जवळ जाऊ देणे थांबविले. सीबीनॅट निगेटिव्ह होते. कल्चरमध्ये मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस निघाला, तोही दोनदा. हा जिवाणू क्षयाच्या नेहमीच्या औषधांना मुळातच दाद देत नाही. म्हणजे त्या औषधांचा त्रास तेवढा पदरी पडला. उपचार लांबचे व खर्चाचे निघाले, पण नातवाला मांडीवर घेता येईल हे कळल्यावर त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो आम्ही पाहिला आहे.

उलट कॅन्ससाय ही जात रिफाम्पिसिनयुक्त औषधांस बरीच दाद देते. त्यामुळे क्षय समजून दिलेल्या औषधांनी बरे झालेल्या काहींना प्रत्यक्षात हाच संसर्ग असू शकतो. एव्हियम समूहासाठी ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल व रिफाम्पिसिन अशी तिहेरी योजना असते व बेडका जिवाणूमुक्त झाल्यानंतर ती बारा महिने चालू ठेवावी लागते.

ॲझिथ्रोमायसिनबाबत थोडे थांबून सांगणे आवश्यक वाटते. वारंवार वेग येणाऱ्या रुग्णास हे औषध आठवड्यातून तीन दिवस दीर्घकाळ देण्याची पद्धत आहे व ती योग्य रुग्णात उपयुक्तही आहे. परंतु फुप्फुसात एन.टी.एम. लपलेला असताना ते एकटे दिले तर जिवाणू नेमका त्याच औषधाला निर्ढावतो आणि उपचाराचा मुख्य खांबच कोसळतो. यास्तव दीर्घकालीन योजनेपूर्वी एन.टी.एम.साठी बेडका तपासून घ्यावा असा संकेत आहे. आपल्याकडे तीन गोळ्यांचे पान सर्दीपासून तापापर्यंत सर्रास दिले जाते, वर्षातून आठ-दहा वेळाही दिले जाते. त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

लातूरने पाण्याचे दुर्भिक्ष किती टोकाला जाऊ शकते ते पाहिले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पहिले पाच लाख लिटर पाणी त्या शहरात आले. जेथे पाणी आठ-पंधरा दिवसांनी येते तेथे ते टाक्यांत, हौदांत व पिंपांत साठविण्यावाचून गत्यंतर नसते, आणि साठवणीच्या पाण्यात असे थर धरणे ओघाने आलेच. म्हणून जुन्या श्वासरुग्णाच्या घरी टाकी घासली जाते किंवा नाही हा प्रश्न वैद्याने विचारण्यात संकोच करू नये. उन्हाळ्यातील कूलरचेही तसेच. कूलर बाष्पीभवनावर चालतो, कारंज्याइतके तुषार उडवत नाही. तथापि महिनोन्महिने न बदललेले पाणी आणि काळी पडलेली वाळ्याची वा लाकडी भुशाची ताटी यांच्यासमोर रुग्णाची खाट नसावी.

नोकार्डिया आणि 'दम्याची पुडी'

फ्रेंच पशुवैद्य एडमंड नोकार यांनी १८८८ मध्ये गुरांच्या एका रोगात वर्णिलेला नोकार्डिया हा जिवाणू माती व कुजणाऱ्या पाल्यात असतो. बुरशीप्रमाणे त्याचे फाटे फुटतात, तो अंशतः आम्लरोधी असतो, त्यामुळे त्याचीही क्षयाशी गल्लत होते. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसास तो क्वचितच त्रास देतो. ज्यास तो ग्रासतो, त्या रुग्णाच्या पूर्वेतिहासात बहुधा दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड सापडते. फुप्फुसातून तो मेंदूत व त्वचेत पसरू शकतो. श्वासरुग्णास नव्याने डोकेदुखी, झटका किंवा एका अंगाची दुर्बलता दिसली तर हे आठवावे.

हा मुद्दा आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेशी निगडित आहे. बसस्थानकाबाहेर, आठवडी बाजारात, यात्रेत 'दम्यावर रामबाण आयुर्वेदिक पुडी' म्हणून जे विकले जाते त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून घातलेले असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी. पुडी घेताच तासाभरात दम उतरतो, भूक वाढते, चेहरा भरतो, आणि रुग्ण गावभर गुण गातो. वर्ष-दोन वर्षांनी गोल सुजलेला चेहरा, पातळ झालेली कातडी, हातापायांवर निळे डाग, वाढलेली साखर आणि न थांबणारा बेडका घेऊन तोच रुग्ण आपल्यासमोर बसतो. नायगावकडील एक भगिनी अशाच अवस्थेत आल्या होत्या. पुढे रुग्णालयातील तपासणीत त्यांच्या फुप्फुसात नोकार्डिया सापडला. पुडीवर उत्पादकाचे नाव नव्हते, परवाना क्रमांक नव्हता. 'आयुर्वेदिक' एवढा एकच शब्द मात्र ठळक होता.

अशी पुडी आढळल्यास ती एकदम बंद करावयास सांगू नये. दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असताना अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त झालेली असते. औषध अकस्मात तोडल्यास रक्तदाब उतरून रुग्ण दगावू शकतो. रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवून मात्रा क्रमाने उतरवावी व पुडीचा उरलेला नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा. नोकार्डियावर कोट्रायमॉक्साझोल हे मुख्य औषध असून ते काही महिने चालते.

प्रयोगशाळेस शंका कळविणे येथे निर्णायक ठरते. नेहमीचे कल्चर दोन दिवसांनी टाकून दिले जाते आणि नोकार्डिया वाढावयास त्याहून अधिक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. चिठ्ठीवर 'नोकार्डियाची शंका, प्लेट राखून ठेवावी' एवढे लिहिले नाही तर अहवाल 'काही वाढले नाही' असाच येणार.

श्वासातून घ्यावयाच्या स्टिरॉइडचाही येथे उल्लेख करणे भाग आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सी.ओ.पी.डी.साठी असे औषध घेणाऱ्यांत एन.टी.एम. रोगाचा संभव सुमारे २९ पट आढळला. याचा अर्थ पंप बंद करावेत असा कोणी काढू नये. मूळ धोका फार लहान असल्याने तो वाढूनही लहानच राहतो, आणि तमकश्वासाच्या, म्हणजे अस्थम्याच्या, रुग्णास तर तो पंप जीवनदायी आहे. परंतु सी.ओ.पी.डी.मध्ये ज्यास गरज नाही त्यास मोठ्या मात्रेचा पंप वर्षानुवर्षे चालू नसावा, एवढे खचित.

पाण्यातून यंत्रात, यंत्रातून फुप्फुसात

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये कांदा सडविणाऱ्या एका जिवाणूचे वर्णन केले व कांद्याच्या लॅटिन नावावरून त्यास 'सेपेशिया' म्हटले. कांद्याच्या चाळीतील हा उपद्रवी आज बर्कहोल्डेरिया सेपेशिया समूह या नावाने फुप्फुसरोगतज्ज्ञांना सुपरिचित आहे. स्टेनोट्रोफोमोनास, ॲक्रोमोबॅक्टर, राल्स्टोनिया हे त्याचेच सोबती. ओलाव्यात, अगदी शुद्ध म्हणविल्या जाणाऱ्या पाण्यातही ते तग धरतात. काही जंतुनाशक द्रवांतही जगतात. स्टेनोट्रोफोमोनास तर मेरोपेनेमसारख्या महागड्या प्रतिजैविकांना जन्मतःच अभेद्य आहे, आणि साध्या कोट्रायमॉक्साझोलला बहुधा वश होतो.

२०२०-२१ च्या कोविडच्या लाटांनंतर नेब्युलायझर व ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही यंत्रे घरोघर पोचली. यंत्र विकताना वा भाड्याने देताना ते कसे धुवावे हे कोणी सांगत नाही. कॉन्सन्ट्रेटरच्या बाटलीत नळाचे पाणी भरतात, आटले की वरून आणखी ओततात; बाटलीच्या तळाशी बुळबुळीत थर स्पष्ट दिसत असतो. नेब्युलायझरचा प्याला एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर जातो. आपल्या दवाखान्यांतही हे घडत असेल तर ते आजच थांबवावे. प्रत्येक रुग्णास स्वतंत्र मास्क व प्याला असावा. प्रत्येक वापरानंतर साबणाने धुवावा, उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावा, उत्पादकाने मुभा दिली असल्यास पाच मिनिटे उकळावा आणि मुख्य म्हणजे पूर्ण कोरडा करावा. ओला प्याला झाकून ठेवणे हे न धुण्यापेक्षा फारसे बरे नाही. सलाइनची मोठी बाटली फोडून तीच आठवडाभर वापरू नये. ऑक्सिजनच्या बाटलीतील पाणी रोज बदलावे. मिनिटाला चार लिटरपर्यंत प्राणवायू लागत असेल तर बहुतेक रुग्णांना त्या बाटलीची गरजच नसते.

एक प्रकार अलीकडे ऐकिवात येतो तो असा की, काही उत्साही मंडळी नेब्युलायझरमध्ये काढा, अर्क अथवा तुळशीचा रस घालतात. मुखाने घ्यावयाचे औषध आणि थेट फुप्फुसाच्या कोशिकांत जाणारे औषध यांच्या शुद्धतेचे मान सर्वस्वी भिन्न आहे. मुखमार्गाच्या चूर्णात भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपिया दर ग्रॅमला एक लाखापर्यंत एकूण जिवाणू व एक हजारापर्यंत बुरशी-यीस्ट चालवून घेते, कारण जठराग्नी व आमाशयातील अम्ल त्यांचा निकाल लावते. फुप्फुसात ती व्यवस्था नाही. हा प्रयोग करू नये, रुग्णास करू देऊ नये.

फार्मसीचालक बंधूंना याच प्रकरणात स्वतंत्र विनंती आहे. परिशिष्ट 'टी' अन्वये २००० सालापासून आपल्यावर उत्तम निर्माणपद्धतीचे बंधन आहे. पण पाण्याच्या नोंदवहीकडे बहुतेक ठिकाणी औपचारिकता म्हणून पाहिले जाते. ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्युडोमोनास एरुजिनोसा हे चार जिवाणू नसल्याचा दाखला फार्माकोपिया मागते. सेपेशिया समूह त्या यादीत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र २०२१ मध्ये निर्जंतुक नसलेल्या जलयुक्त औषधांबाबत याच समूहाचा इशारा दिला होता. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असल्याने धोका कमी. सिरप, अर्क व पातळ प्रवाही काढे यांत तो अधिक. साठवण टाकी, आर.ओ.ची पाइपलाइन व भरण्याची नळी यांतील मृत कोपरे तपासून घ्यावेत.

पावसाळी ताप आणि मेलिऑइडोसिस

बर्कहोल्डेरियाच्याच कुळातील स्युडोमॅलाय हा जिवाणू अधिक घातक. १९११ मध्ये रंगून येथे व्हिटमोर व कृष्णस्वामी यांनी त्याचा रोग प्रथम ओळखला. भारतातील पहिला रुग्ण १९९१ मध्ये मुंबईतून नोंदविला गेला. पुढे कर्नाटकाची किनारपट्टी व तमिळनाडूतून पुष्कळ रुग्णांची नोंद झाली. पावसाळ्यात चिखलात अनवाणी राबणारा मधुमेही, ताप, वजन घटणे, फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, कधी यकृत-प्लीहेत पूय, हे चित्र पाहून क्षयाचेच निदान होते. प्रयोगशाळेतही तो 'स्युडोमोनासची जात' अथवा 'दूषित नमुना' म्हणून सुटतो. हा जिवाणू जेंटामायसिनला सहसा दाद देत नाही, ही त्याची एक खूण. उपचार रुग्णालयातच व्हावयास हवेत. शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस सेफ्टाझिडिम अथवा मेरोपेनेम आणि नंतर किमान तीन महिने कोट्रायमॉक्साझोल.

मराठवाड्याच्या वाचकांस एक जुनी गोष्ट स्मरत असेल. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभरात, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी व पाठोपाठ सुरतेत प्लेगची साथ जाहीर झाली. सुरतेतील फुप्फुसज्वर हा प्लेग नसून मेलिऑइडोसिस असावा अशी शंका त्या वेळी काही तज्ज्ञांनी घेतली होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने प्लेगच्याच जिवाणूस दुजोरा दिला. परंतु निदानाचा वाद इतका लांबला याचे कारण सुरुवातीच्या दिवसांत नमुने व कल्चर यांची आबाळ झाली, हेच होते.

ऊसतोड व साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी एक व्याधी दिसते. जुन्या, बुरसलेल्या बगॅसमध्ये उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसिट वाढतात. त्यांची धूळ गेल्यावर चार-सहा तासांनी ताप, कोरडा खोकला व धाप येते. हा संसर्ग नव्हे, अतिसंवेदन होय. प्रतिजैविक निरुपयोगी, कामाची जागा बदलणे हाच उपाय.

आपल्या शास्त्राची दृष्टी

प्राचीन ग्रंथांत हे जिवाणू वर्णिले आहेत असे ओढूनताणून सिद्ध करण्याची आम्हांस गरज वाटत नाही. जे आहे तेच पुरेसे मोलाचे आहे. चरकाने हिक्का-श्वासाच्या हेतूंत धूळ, धूर, वारा, शीत स्थान व शीत जल यांची गणना केली. विमानस्थानात वायू, उदक, देश व काल या चारांच्या विकृतीचा जनपदोद्ध्वंसाशी संबंध जोडला. सुश्रुताने शोषासारखे व्याधी एका व्यक्तीपासून दुसरीकडे संक्रमित होतात हे औपसर्गिक रोगांत सांगितले. क्षय औपसर्गिक वर्गात बसतो. प्रस्तुत जिवाणू उदक व देश यांच्या वैगुण्यातून येतात. रुग्णाच्या घरच्यांना काय सांगावयाचे हे या भेदावरून ठरते: एकात माणूस जपायचा, दुसऱ्यात पाणी. सुश्रुताने द्रवद्रव्यविधीत पाण्याच्या प्रसादनासाठी निर्मळी, वस्त्रगाळ इत्यादी उपाय दिले. त्याने गढूळपणा जातो, जिवाणू जात नाहीत. श्वासरुग्णास शृतशीत जलच द्यावे.

चिकित्सेत बलवान व दुर्बल रुग्णाचा भेद चरकाने स्पष्ट केला आहे. येथे चर्चिलेले बहुतेक रुग्ण क्षीण असतात. त्यांत वमनादी शोधन टाळून शमन-बृंहणाचाच विचार करावा. रक्तष्ठीवन असता धूमपान व तीक्ष्ण स्वेदन वर्ज्य. सितोपलादी, वासावलेह, च्यवनप्राश, अगस्त्यहरीतकी यांनी कास व अग्नी सुधारून रुग्ण लांबचे प्रतिजैविक उपचार सोसू शकतो, हा आमचा अनुभव आहे. त्यांनी ॲबसेसस वा नोकार्डिया निघून जातो असा दावा आम्ही करीत नाही आणि कोणी करू नये. काही संयोग मात्र जपावेत. पिप्पलीतील पायपरिन रिफाम्पिसिनचे शोषण वाढविते. जम्मूच्या प्रयोगशाळेत याच तत्त्वावर क्षयाचे एक संयुक्त औषध तयार होऊन २००९ मध्ये बाजारात आले. म्हणून रिफाम्पिसिन चालू असताना वर्धमान पिप्पली सुरू करावयाची तर तज्ज्ञास कळवून व यकृताची तपासणी करूनच. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम उतरते; सोबत स्टिरॉइड व साल्ब्युटामॉल असेल तर अधिकच. कनकासव काचबिंदू व मूत्रावरोधाच्या रुग्णास देऊ नये.

औषधविक्रेत्या मित्रांनी परिशिष्ट 'एच-१' ची नोंदवही २०१४ पासून पाळावयाची आहे. लिव्होफ्लॉक्सासिन अथवा मॉक्सिफ्लॉक्सासिनचा अर्धवट कोर्स चिठ्ठीविना दिला गेला तर क्षय काही आठवडे दबतो व निदान लांबते. ज्या ग्राहकाने वर्षात चौथ्यांदा खोकल्यासाठी प्रतिजैविक मागितले त्यास गोळीऐवजी बेडका तपासणीचा सल्ला द्यावा.

नमुना कसा घ्यावयाचा, एवढेच सांगावयाचे उरते. सकाळी उठल्यावर, दात घासण्यापूर्वी, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा, थुंकी नव्हे. तोंड धुवावयाचे असल्यास नळाच्या पाण्याने धुऊ नये, नळातलाच एन.टी.एम. नमुन्यात उतरतो. उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरावी. डबी निर्जंतुक असावी, घरची धुतलेली बाटली चालत नाही. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीन नमुने घ्यावेत, शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी. चिठ्ठीवर जुना क्षय, मधुमेह, स्टिरॉइड वा पुडीचा इतिहास, व्यवसाय आणि यापूर्वी दिलेली प्रतिजैविके लिहावीत. काच व सीबीनॅट यांचे अहवाल विसंगत असल्यास तेही ठळकपणे नोंदवावे. नमुना त्याच दिवशी पोचणार नसेल तर तो शीतकपाटात ठेवावा, गोठवू नये.